पाणथळीवर पहिल्यांदा कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

पाणथळ अभयारण्यात पक्ष्यांचे फोटो काढायला पहिल्यांदाच निघालेल्या वाचकांची बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि ५५-२५० मिमीची लेन्स आहे. पक्ष्यांसाठी ६०० मिमी लागतेच, असं जो तो सांगतो. या लेन्सवर सुरुवात करण्यात अर्थ आहे का?

आहे. फक्त पक्षी निवडून घ्यावे लागतील. एपीएस-सी सेन्सरवर (साध्या डीएसएलआरमध्ये असतो तो लहान सेन्सर) २५० मिमी लावून ३० मीटरवर पाहिलं, तर चौकटीत साधारण पावणेतीन मीटर रुंदीचा देखावा मावतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ही रुंदी ६००० पिक्सेलची. लहान खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १६-१७ सेंटीमीटर, म्हणजे त्याच्या वाट्याला साडेतीनशेच्या आसपास पिक्सेल येतात. त्यात डोळ्यातली चमक दिसत नाही. तोच खंड्या १० मीटरवर असेल तर हजाराच्या वर पिक्सेल मिळतात आणि फोटो छापण्याजोगा होतो. राखी बगळा जवळजवळ मीटरभर लांबीचा, त्यामुळे तो ३० मीटरवरूनही चौकट बऱ्यापैकी भरतो. म्हणून या लेन्सवर आधी बगळे, करकोचे, पाणकावळे, बदकं घ्या. खंड्या आणि तुतवार जवळ येतील तेव्हाच.

अंतर अर्धं झालं की पक्षी लांबीत आणि उंचीत दुप्पट दिसतो, म्हणजे त्याला मिळणारे एकूण पिक्सेल चौपट होतात. २५० ऐवजी ५०० मिमीची लेन्स घेतली तरी पिक्सेल चौपटच होतात, पण मधली तापलेली, धुळकट हवा मात्र तेवढीच राहते. पक्षी जवळ आला की ती हवाही अर्धी होते. त्यामुळे पहिल्या काही खेपांना लेन्सच्या खरेदीपेक्षा जागेच्या निवडीवर डोकं चालवा. जिथे हाइड (पक्ष्यांना न दिसता बसायचा आडोसा) आहे, लाकडी पायवाट पाण्याच्या अगदी कडेने जाते आणि माणसांच्या ये-जा करण्याला पक्षी सरावलेले आहेत, अशा ठिकाणी २५० मिमीतही काम होतं.

पुढे लेन्स घ्यायचीच झाली तर १००-४०० किंवा १५०-६०० मिमीची झूम घ्या. सध्याच्या लेन्सला टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून मिमी वाढवणारं भिंग) जोडायच्या भानगडीत पडू नका. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश खातो, २ पटीचा दोन स्टॉप. मुळात एफ/५.६ची लेन्स १.४ पटीच्या कन्व्हर्टरने एफ/८ होते आणि अनेक डीएसएलआरमध्ये ऑटोफोकस चाचपडायला लागतो किंवा बंदच पडतो. शिवाय कित्येक झूम लेन्सना कन्व्हर्टर बसतही नाही.

प्रश्न : कॅमेरा ऑटोवर ठेवला तर पक्षी हललेले येतात. नेमकी सेटिंग काय ठेवू?

ऑटोमध्ये कॅमेऱ्याला पक्षी आणि दगड सारखेच. तो शटर १/२५० सेकंद वगैरे धरतो, आणि स्वस्थ उभा दिसणारा बगळासुद्धा मान झटकतो तेव्हा तेवढ्यात तो पुसट होतो.

मोड मॅन्युअल ठेवा, पण आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) लेन्स देईल तेवढं मोठं, म्हणजे एफचा आकडा लहान : एफ/५.६ किंवा ६.३. शटर उभ्या पक्ष्याला १/८००, चिखलात चरत फिरणाऱ्या शेकाट्याला १/१२५०, उडणाऱ्याला १/२०००, आणि सुरयसारख्या चपळ पक्ष्याला १/३२००. ऑटो आयएसओची कमाल मर्यादा ६४०० ठेवून द्या. आयएसओला घाबरून शटर कमी करणं ही नवशिक्यांची सर्वांत महागडी काटकसर. दाणेदार फोटो नंतर सॉफ्टवेअरमध्ये बराच साफ होतो, हललेला होत नाही.

फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर. काही कॅमेऱ्यांत त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननच्या डीएसएलआरमध्ये एआय सर्वो. मिररलेस कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर एकच मधला बिंदू, किंवा त्याच्याभोवतीचा छोटा गट. सगळे बिंदू चालू ठेवले की कॅमेरा सर्वांत जवळची ठळक गोष्ट पकडतो, आणि पाणथळीवर ती बहुधा पाणकणसाची पात असते.

फोटो रॉमध्ये (सेन्सरची मूळ माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये) साठवा. पांढऱ्या पिसांमधला तपशील थोडाफार परत मिळवण्याची मुभा तिथेच असते.

प्रश्न : बगळ्याचा प्रत्येक फोटो कागदाच्या कपट्यासारखा पांढराफटक येतो. पिसं दिसतच नाहीत. मागचं पाणी मात्र छान येतं.

कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या उजेडाचं करायला बघतो. गडद पाण्यात बगळ्याने चौकटीचा दहावा हिस्सा व्यापला असेल, तर मीटरच्या लेखी तो देखावा काळोखा. मग तो उजेड वाढवतो, पाणी नीट येतं आणि पिसं जळतात. इथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) −१ करा, उन्हं कडक असतील तर −१.३ पर्यंत जा.

गंमत अशी की तोच बगळा जवळ येऊन त्याने अर्ध्याहून जास्त चौकट भरली की गणित उलटतं. आता मीटरला सगळंच पांढरं दिसतं, तो उजेड कमी करतो आणि बगळा मळकट करडा येतो. तेव्हा +०.७ किंवा +१ लागतं. ‘पांढऱ्या पक्ष्याला नेहमी मायनस’ हा ऐकीव नियम इथेच फसवतो. काही जुन्या कॅमेऱ्यांत मॅन्युअल मोडमध्ये ऑटो आयएसओ असताना कॉम्पेन्सेशन चालतच नाही. निघण्याआधी घरीच तपासून घ्या.

ऊन स्थिर असेल तर याहून बरा मार्ग म्हणजे आयएसओसुद्धा हाताने पक्का करणं. दिवस चांगला वर आल्यावरच्या स्वच्छ उन्हात आयएसओ ४००, एफ/८, १/१६०० हे सर्वसाधारण पक्ष्याला बरोबर बसतं. पांढऱ्याला त्याहून एक स्टॉप कमी, म्हणजे १/३२००. कोवळ्या उन्हात प्रकाश कमी असतो, तिथे आयएसओ वाढवून घ्या. मग एक फोटो काढा आणि स्क्रीनवर अतिउजेडाचा इशारा, म्हणजे लुकलुकणारे डाग, बघा. डाग बगळ्याच्या अंगावर असतील तर ते जाईपर्यंत शटर एक-एक टप्पा वाढवत जा. पाण्यावरच्या चमचमाटात ते राहिले तरी हरकत नाही. एकदा हे जमलं की बगळा काळ्या पाण्यासमोर असो, आभाळासमोर असो की हिरव्या गवतासमोर, एक्स्पोजर बदलावं लागत नाही, कारण बगळ्यावर पडणारं ऊन तेच आहे. ढग आला की मात्र मोजणी पुन्हा करायची.

एकाच फांदीवर काळा पाणकावळा आणि पांढरा बगळा बसले तर बगळ्याला सांभाळा. काळ्यातला तपशील नंतर वर आणता येतो, जळालेला पांढरा परत येत नाही.

प्रश्न : शटर १/२०००, कॅमेरा तिपाईवर, तरी दूरचे पक्षी मऊ येतात. लेन्स खराब आहे का?

लेन्सवर संशय घेण्याआधी फोटो शंभर टक्के मोठा करून नीट बघा.

पक्षी मऊ, पण त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत धारदार असेल, तर फोकस चुकला. ४०० मिमी, एफ/५.६, एपीएस-सी आणि १० मीटर अंतर असताना स्पष्ट येणारी खोली सगळी मिळून १४ सेंटीमीटरच्या आसपास असते. बगळ्याच्या पंखावर फोकस लागला तर लांब चोच आणि डोळा त्या पट्ट्याबाहेर जाऊ शकतात. डोळ्यावरच फोकस घ्या, जमत असेल तर एफ/८ करा.

सगळं चित्र एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसलं तर कॅमेरा हलला. पक्ष्याचे पाय स्पष्ट आणि डोकं किंवा पंख पुसट असतील तर पक्षी हलला, शटर वाढवा.

चौकटीत कुठेच काही धारदार नाही, आणि लागोपाठच्या दहा फोटोंत पक्ष्याची कड प्रत्येकात वेगळी वेडीवाकडी दिसते? मग तो तापलेल्या हवेचा खेळ आहे. चिखल आणि उथळ पाणी उन्हाने तापलं की त्यावरची हवा थरथरते आणि प्रकाशाची वाट वाकवते. याला शटर, तिपाई, महागडी लेन्स, कशाचाच इलाज नाही. ऊन चढल्यावर ५०-६० मीटरच्या पलीकडचे फोटो सोडून द्या. उजेड भरपूर असला तरी ते वाया जाणार आहेत. गाडीच्या खिडकीतून फोटो काढताना हाच त्रास दारातच होतो. आतली हवा गरम आणि बाहेरची गार असेल तर खिडकीतच थरथर तयार होते. काच पूर्ण खाली करा, इंजिन बंद करा आणि आतलं-बाहेरचं तापमान सारखं होईतो थांबा.

लेन्सच्या पुढे स्वस्तातला संरक्षक फिल्टर लावला असेल तर तोही एकदा काढून बघा.

प्रश्न : नेमकं कुठे आणि कधी बसायचं? अभयारण्यात गेल्यावर सगळीकडे पक्षी दिसतात आणि फोटो एकही धड येत नाही.

सूर्य पाठीशी घ्या. तुमची सावली पक्ष्याकडे रोखलेली असली की जागा बरोबर. सकाळी तळ्याच्या पूर्व काठावर बसून पश्चिमेकडे बघायचं, संध्याकाळी उलट. उगवतीनंतरचे पहिले दोन तास सोन्यासारखे. ऊन तिरपं असल्यामुळे डोळ्यात चमक येते, पोटाखाली काळी सावली पडत नाही, हवाही अजून थरथरत नसते.

यानंतर वारा बघा. पक्षी उड्डाण घेताना आणि उतरताना वाऱ्याला सामोरे होतात. वारा तुमच्या पाठीमागून पाण्याकडे वाहत असेल तर उतरणारं बदक तुमच्याकडे तोंड करून येतं. वारा समोरून असेल तर दिवसभर शेपट्याच मिळतात. सकाळी सूर्य आणि वारा दोन्ही पाठीशी असलेला काठ सापडला तर तिथून हलू नका, पलीकडच्या काठावर कितीही गर्दी दिसली तरी. समुद्राकाठच्या पाणथळीवर भरतीचं वेळापत्रकही हवं. पाणी चढत जातं तसा चिखलाचा पट्टा अरुंद होतो आणि त्यावर चरणारे तुतवार आपोआप काठाकडे ढकलले जातात. भरती पूर्ण होण्याच्या दीड-दोन तास आधी जागेवर बसा. ओहोटीत तेच पक्षी इतके लांब जातात की दुर्बिणीतच बघावे.

उंची ही तिसरी गोष्ट. उभ्याने खाली रोखून काढलेल्या फोटोत पक्ष्याच्या मागे चिखल आणि कचरा येतो. बसलात, शक्य तिथे पालथे झोपलात, की कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला येतो. मग पार्श्वभूमी दूरचा काठ होते आणि मऊ, एकरंगी दिसते. निरीक्षण मनोऱ्याचा वरचा मजला पक्षी मोजायला उत्तम, फोटोला फारसा नाही. जवळच्या पक्ष्याची तिथून फक्त पाठ दिसते.

मग बसून राहायचं, आणि पक्षी काय करतात ते बघायचं. आंघोळ करणारं बदक डोकं पाण्यात बुडवून पाठीवर पाणी उडवत राहतं. चार-सहा वेळा असं झालं की ते बहुधा पाण्यावर उभं होऊन पंख फडफडवतं. ते व्हायच्या आधीच शटर १/१६०० वर नेऊन ठेवा आणि उभ्या पंखांसाठी चौकटीत वर जागा सोडा, नाहीतर पंखांची टोकं कापली जातात. वारकरी (कूट हा काळा पाणपक्षी) उडण्याआधी पाण्यावरून धावत जातो, त्याच्या पुढे भरपूर जागा ठेवा. बगळा पुढे झुकला, मान आखडली, किंवा त्याने शिटलं, तर बोट बटणावर हवं.

खंड्याचा ठिय्या ठरलेला असतो. एका फांदीवरून सूर मारून तो मासा घेऊन पुष्कळदा त्याच फांदीवर परततो. फांदीच्या टोकावर आधीच फोकस लावून थांबता येतं. मासा फांदीवर आपटून झाल्यावर तो चोचीत कसा धरलाय तेही बघा. स्वतः खायचा असेल तर माशाचं डोकं घशाकडे असतं, म्हणजे गिळताना पर आणि खवले अडकत नाहीत. डोकं बाहेरच्या बाजूला असेल तर तो मासा जोडीदारासाठी किंवा पिल्लासाठी चाललाय. घरट्यावर जाणाऱ्या पक्ष्याच्या मागे जाऊ नये.

प्रश्न : उडणारा पक्षी व्ह्यूफाइंडरमध्ये सापडतच नाही. सापडला तर निम्मा बाहेर.

सुरुवात संथ पंखांच्या मोठ्या पक्ष्यांपासून करा. बगळा, करकोचा, भोवत्या चालतील. भिंगऱ्या आणि सुरय नंतर.

झूम पूर्ण ताणून शोधू नका. ३०० मिमीवर पक्षी पकडा, फोकस लागला की मग ताणा. दोन्ही डोळे उघडे ठेवून आधी नुसत्या डोळ्याने पक्ष्यावर नजर रोखा आणि नजर न हलवता कॅमेरा डोळ्यापर्यंत आणा. पाय मात्र पक्षी जिथे सर्वांत जवळ येणार, त्या दिशेला रोवून उभे राहा आणि कमरेतून वळून तो येतोय तिकडे बघा. पक्षी समोर येईतो अंग सैल होत जातं. उलट केलं तर ऐन क्षणी अंग पिळलेलं असतं आणि पक्षी निसटतो.

मागे मोकळं आभाळ असेल तर फोकसचा मोठा पट्टा चालतो. मागे झाडी किंवा गवत असेल तर छोटा गट ठेवा. आभाळासमोर उडणारा पक्षी काळा पडतो, तिथे +१ पर्यंत कॉम्पेन्सेशन द्या. मिररलेसमध्ये पूर्ण निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर वापरत असाल तर जोरात फडफडणारे पंख कधी कधी वाकडे येतात, कारण सेन्सर ओळीने वाचला जातो आणि तेवढ्यात पंख पुढे गेलेला असतो. उड्डाणासाठी यांत्रिक शटर बरं. बटण दाबून धरू नका, चार-पाच फोटोंचे छोटे झपाटे घ्या. बफर (फोटो कार्डवर जाण्याआधी थांबतात ती तात्पुरती जागा) भरला की कॅमेरा नेमका पक्षी अंगावर येत असताना अडतो.

प्रश्न : तिपाई घ्यावी का?

पहिल्या खेपेला नको. अरुंद पायवाटेवर ती आडवी येते आणि पक्ष्यांना तिचे हलते पाय लांबून दिसतात. हाइडच्या खिडकीत किंवा गाडीच्या दारावर टेकवायला वाटाणे किंवा तांदूळ भरलेली कापडी पिशवी पुरते. अडीच-तीन किलोची लेन्स असेल तर मोनोपॉड (एकाच पायाचा आधार) घ्या.

प्रश्न : पक्ष्याच्या किती जवळ जाणं योग्य? आणि घरटं दिसलं तर?

मीटरमध्ये एकच आकडा देता येत नाही. एकाच तळ्यावरचे दोन बगळे वेगवेगळ्या अंतरावर बिचकतात. पक्षी सांगतो ते ऐका. चरणं थांबलं, मान ताठ झाली, तो तुमच्याकडे एकटक बघू लागला किंवा शेपटी-डोकं झटकू लागला, तर तुम्ही जास्त जवळ आलात. तिथेच थांबा, तो पुन्हा चरायला लागेपर्यंत हलू नका, लागला नाही तर मागे या. पक्षी उडून गेला तर तुमचा फोटोही गेला आणि त्याची खाण्याची वेळही. लांबून स्थलांतर करून आलेल्यांना ते परवडत नाही. सरळ रोखून चालत जाऊ नका. तिरपं, थांबत-थांबत जा, आणि पायवाट सोडून चिखलात उतरूच नका.

टिटवी आणि शेकाट्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि ती मातीत बेमालूम मिसळतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असेल किंवा एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा लंगडत पुढे पळत असेल, तर अंडी किंवा पिल्लं पायाशीच आहेत. आलात त्याच पावलांवर परत फिरा. कडक उन्हात आई-बाप उठले की अंडी तापतात. हे पक्षी पोटाची पिसं भिजवून येऊन अंडी थंड ठेवतात, त्या येरझाऱ्यांत अडथळा नको. घरट्याचा फोटो, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून बोलावणं, दगड मारून थवा उडवणं, ड्रोन, यातलं काहीही ‘फक्त एकदा’ म्हणूनही नको.

प्रश्न : फोटोतला पक्षी ओळखायचा कसा, आणि जागा सांगून टाकावी का?

कॉर्नेल लॅबचं मर्लिन हे अ‍ॅप फोटोवरून नावं सुचवतं. सुचवलेलं नाव पक्षी-मार्गदर्शिकेत ताडून बघा, विशेषतः तुतवारांच्या बाबतीत. त्यासाठी पक्षी सुंदर दिसत नसला तरी पायांचा रंग, चोचीची लांबी आणि पंखावरचा पट्टा दिसेल असा एक साधा फोटो घेऊन ठेवत जा.

नेहमीच्या पक्ष्यांची जागा सांगायला हरकत नाही. दुर्मीळ पक्षी, घुबडं आणि कुठलंही घरटं यांची सांगू नका. ईबर्ड ही पक्षीनोंदींची वेबसाइटसुद्धा संवेदनशील जातींची नेमकी जागा सर्वांना दाखवत नाही. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात, तेही टाकण्याआधी काढा.

प्रश्न : पहाटे थंडीत फोटो काढून घरी आल्यावर लेन्स आतून धुरकट झाली. काय करू?

गार काचेवर घरातल्या दमट, उबदार हवेचं पाणी जमलं. पुसू नका आणि लेन्स काढून सेन्सर उघडा करू नका. धुकं आपोआप जाईपर्यंत कॅमेरा सुरू न करता कोरड्या जागी ठेवा. पुढच्या वेळी बाहेर असतानाच कॅमेरा बॅगेत घालून चेन बंद करा आणि घरी आल्यावर निदान तासभर बॅग उघडू नका. फोटो बघायची घाई असेल तर कार्ड आधीच काढून खिशात ठेवा.